फायरची डिग्री आन बावीस मेंढरं

गेटवर बसलं की किस्से आपसूक गोळा व्हतात. आलेल्या गाडीचा नंबर रजिस्टरात लिहायचा, पण गाडीतला माणूस काय बोलला ते लिहायला रकानाच नाय! मग ते डोक्यात साठतं. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत वॉचमन. गाव करमाडजवळ, घराणं मेंढपाळाचं, शाळा चौथी, राग नाकावर. जोडीला सिल्लोडचा रफिकभाई. लोक इचारतात, "सखाराम, पोरीला फायरची डिग्री दिलीस, परवडलं का?" हिशोब मला जमत नाय. घडलं ते सांगतो.

*

बारावी झाल्यावर कविता म्हणली, "आबा, मला फायर इंजिनिअरिंग करायचंय. चार वर्षं."

मी भडकलो. "आग विझवायला चार वर्षं? तवर गाव जळून राख व्हईल!"

"विझवायला नाय आबा. लागूच नये म्हणून."

शहरात सहा महिन्यांचा कोर्स व्हता, स्वस्तातला. तो करून आमच्या कंपनीत एक जण लागला व्हता. दिवसभर आग विझवायचे लाल सिलेंडर पुसायचा, पगार माझ्याएवढा. मी म्हणलं, हेच बरं. रफिकभाईनं चहाचा कप खाली ठेवला.

"डिग्रीवाला सही करता, कोर्सवाला पोछा मारता. अर्धी दाढी करके बाजार में जाते क्या, सखाराम?"

दुसऱ्याच दिवशी डिग्रीच्या फॉर्मला मी पोरीला पैसे दिले.

*

फीसाठी मी आन कविताच्या मायनं बावीस मेंढरं बाजारात नेली. गिऱ्हाईक चांगलं भेटलं, भाव ठरला. तवर ते म्हणलं, "लगीन काढलं वाटतं पोरीचं?"

"लगीन नाय, शिक्षण."

ते फिदीफिदी हसलं. "पोरीच्या शिक्षणाला कुणी मेंढरं इकतं व्हय?"

मी त्याची टोपी उडवली आन मेंढरं माघारी वळवली! कविताच्या मायनं भर बाजारात माझं मनगट धरलं.

"टोपी उचला. झटका. त्याच्या डोक्यावर ठेवा. पोरगी फॉर्म भरून बसलीय. तुमचा राग कॉलेजवाले फी म्हणून घेणार नायत!"

ठेवली बाबा टोपी. नीट, दोन्ही हातांनी. तवा कुठं त्यानं पैसे मोजले.

*

डिग्री झाली आन आठ महिने नोकरी नाय. गावात पारावरची टाळकी रोज इचारायची, "काय सखाराम, कुठं आग लागंना व्हय अजून?" दोघांशी हातघाई झाली. एक दिवस तोच राग घरी नेला आन पोरीवर काढला. "मेंढरं ठेवली असती तर आजवर दुप्पट झाली असती!"

ती उठली. चुलीला लागून रचलेला कडबा पेंढी पेंढी करून लांब अंगणात नेऊन ठेवला. मग घाम पुसत म्हणली, "दुप्पट झाली असती आबा. आन ह्या कडब्यापायी एका दिवसात भाजली असती."

तो कडबा तिथं मीच रचला व्हता, दर साली!

*

शेवटी लागली ती आमच्याच कंपनीत. सहा महिने बघू, काम पटलं तर कायम, अशा बोलीवर. पहिल्याच दिवशी गेटवर राऊंडला आली. लाल सिलेंडरच्या मुठीला माझा डबा लटकलेला, वर पंचा वाळत घातलेला.

"हा डबा कुणाचा?"

रोज तिच्याच हातचा डबा खातो मी! रफिकभाईनं गपचिप माझ्याकडं बोट केलं. तासाभरात मेमो आला. सगळ्या नोकरीत पहिला मेमो, आन तो पोटच्या पोरीचा!

संध्याकाळी घरी मी इचारलं, "बापाचं नाव लिहिताना हात थरथरला नाय व्हय?"

"थरथरला ना. म्हणून तर मेमो दोनदा लिहावा लागला."

मेमो ट्रंकेत जपून ठेवलाय. कुणी पाव्हणा आला की दाखवतो.

*

रफिकभाईचे, कविताच्या मायचे आन त्या टोपीवाल्याचेबी उपकार हायत माझ्यावर. आता शेवटचा किस्सा सांगतो.

सहा महिने भरायला आले. मॅनेजर तोंड वाकडं करून म्हणायचा, "ही पोरगी सारखं काम थांबवते. कायम कशाला करायची?" निर्णय मालकाचा, आन मालक त्या दिवशी पुण्याहून आलेले. नेमका कवितानं त्याच दुपारी सायरन वाजवला, आगीची तालीम! नियम असा, की सगळ्यांनी बाहेर लिंबाखाली जमायचं, मोजणी जुळून दुसरी घंटा झाल्याबिगर कुणी आत जायचं नाय आन गेटबाहेरबी नाय. तिनं दोन ड्रम ठेवले आन मधून एकेक माणूस काढला, आपण मेंढरं जाळीतून मोजून काढतो तसा.

एक माणूस कमी!

तवर आतून मालकाची गाडी गेटवर. "उघड. विमान आहे माझं."

"नाय साहेब."

"अरे, मी मालक आहे!"

"व्हय, म्हणून हात जोडतोय. दुसरा असता तर काठी दाखवली असती!"

रफिकभाई कानात म्हणला, "गई बच्ची की नौकरी." तरी मी गेटचा दांडा उचलला नाय.

कविता यादी घेऊन पळत आली. गाडीत वाकून बघितलं.

"सर, यादीत एक जण कमी होता. तो तुम्हीच. ड्रममधून या, झाडाखाली थांबा."

मालक उतरले! गुपचूप दोन ड्रममधून गेले आन कामगारांत हात बांधून उभे राह्यले. मॅनेजरला घाम फुटला. "सर, सॉरी, ह्या मुलीचं आजच बघतो..."

"आजच बघा. कायम केल्याचं पत्र टाइप करून आणा. इथंच सही करतो."

मॅनेजर ऑफिसकडं धावला. चार पावलं गेला नसंल, तर मागून कविताची शिट्टी!

"साहेब, माघारी फिरा! दुसरी घंटा झाली नाय अजून!"