आमच्या घरी टीव्ही नाही

मी लोणावळ्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो आणि माझ्या घरातला टीव्ही बिनपरवान्याचा होता. ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगून टाकलेली बरी, कारण सावकाश सांगायला गेलो की मी हमखास सारवासारव करतो. त्या काळी रेडिओला लायसन लागायचं आणि टीव्हीलाही लागायचं. पोस्टात जायचं, वर्षाची फी भरायची, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा, संपलं. माझ्या रेडिओच्या पुस्तकात शिक्के अगदी ओळीनं होते. टीव्हीच्या बाबतीत मात्र माझं म्हणणं असं, की आधी चित्र तर दिसू दे! आमच्याकडे डोंगर ओलांडून येईपर्यंत त्या चित्राला अशा मुंग्या लागायच्या की बातम्या देणारी बाई आहे की बुवा, हे आवाजावरून ठरवावं लागे. एवढं सोसणाऱ्याकडून सरकार फी कशाला मागतंय, असं मी बायकोला पटवून दिलं होतं. तिला ते पटलं नव्हतं, पण सेट घरात आला याचा आनंद तिलाही होताच.

सेट तुंगार्लीच्या एका बंगल्यातला. मालकांनी नवा घेतला आणि जुना मला स्वस्तात दिला. सेट लपवणं सोपं होतं, वर बायकोनं कशिद्यानं भरलेलं कापड टाकलं की झालं. पंचाईत अँटेनाची. ती पत्र्यावर उभी राहून सगळ्या आळीला माझं गुपित सांगायची. मग मी शक्कल लढवली. अँटेनाच्या दांडीला दोरी बांधली आणि बायकोला धुणं तिथेच वाळत घालायला लावलं. ओल्या साडीनं चित्र पार नाहीसं व्हायचं. नाटकाच्या दिवशी मी दुपारपासून साड्या चाचपून पाहत बसायचो.

एवढ्यावर थांबेन तर मी कसला! मेहुण्यानं मस्कतहून कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणला होता. मी टीव्हीपुढे स्टूल ठेवायचो, स्टुलावर माईक, आणि कार्यक्रमाचा आवाज टेप करून घ्यायचो. फुकट बघायचं ते बघायचं, वर डांबूनही ठेवायचं. टेपिंग चालू असताना घरात कुणी खोकायचं नाही, कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही. पाहुणे आले की मी त्यांना चहाबरोबर टेप केलेलं नाटक ऐकवायचो. त्यात बराच वेळ नुसता बुटांचा आवाज यायचा. मग मी सांगायचो, आता तो खिडकीपाशी गेला बरं का, आता त्यानं पत्र उचललं. पाहुणे पुन्हा यायचे नाहीत, आणि मला वाटायचं लोकांना कलेची आवड राहिली नाही.

आमच्याकडे दूध घालायला वलवणच्या वरच्या वस्तीवरून एक मावशी यायच्या. त्यांची थोरली बहीण त्याच वस्तीत दिलेली होती. दोघी जात्यावर ओव्या गायच्या. उन्हाळ्यात टीव्हीची माणसं गाडी घेऊन वस्तीवर आली, अंगणात जातं मांडायला लावलं आणि दोघींचं गाणं टिपून घेऊन गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी थोरलीला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मावशींनी हे मला दुधाचं माप ओतता ओतता सांगितलं होतं. थोरलीचा एकुलता एक मुलगा घोरावाडीला रेल्वेच्या फाटकावर आहे आणि ड्यूटीला जाता-येता आईचं सगळं तोच करतो, हेही सांगितलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडखळते.

दिवाळीनंतर एक दिवस मावशी टीव्हीवाल्यांचं पोस्टकार्ड घेऊन आल्या. त्यावरचं अक्षर त्यांच्या वस्तीवर कुणालाच लागेना. गाणं येत्या गुरुवारी संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात लागणार होतं. मी कार्ड वाचून दाखवलं आणि वस्तीवर कुणालाही वाचता यावं म्हणून शाळेच्या वहीचा कागद फाडून त्यावर ठळक अक्षरात वार आणि वेळ लिहून दिली. खाली सवयीनं माझं नाव आणि घराचा पत्ताही लिहिला. मी मावशींना म्हटलं, तुम्ही इथे बघायलाच या. त्या म्हणाल्या, बहिणीला एकटं टाकून कसं येऊ? मग मी माझं यंत्र त्यांना दाखवलं. बोललेलं परत ऐकवलं. मावशींनी त्या डबीवरून हात फिरवून पाहिला.

मग म्हणाल्या, "मास्तर, ताईचा आवाज तेवढा धरून ठिवा. तिला एकदा ऐकू द्या तिचा आवाज. आता पुन्ना न्हाई यायचा त्यो."

मी छाती पुढे काढून म्हटलं, काळजीच सोडा. गाणं एकदाच लागणार होतं, आणि लोणावळ्यात ते पकडून ठेवू शकणारा माणूस मी एकटाच, या कल्पनेनं मला चार दिवस झोप नव्हती. नवी कोरी कॅसेट आणली. गुरुवारी धुणं घातलंच नाही, पत्रा मोकळा ठेवला. बायकोला बजावलं, की संध्याकाळी साडेसहानंतर या घरात श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. ती म्हणाली, तुम्हीच गप्प राहिलात तरी पुष्कळ.

कार्यक्रम सुरू झाला. आधी भाताच्या खोडकिड्यावर कुणी साहेब बोलले. मग जात्याची घरघर ऐकू आली आणि थोरलीनं आवाज लावला. मी त्या बाईंना कधी पाहिलं नव्हतं, आणि मुंग्यांतून तेव्हाही दिसल्या नाहीत, पण आवाज असा खणखणीत होता की मी माईक जरा मागे सरकवला. पहिली ओवी अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात दारावर थाप पडली.

मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. खाकी कोट. खांद्याला झोळी. हातात कागद, आणि तो माणूस एकदा कागदाकडे बघतोय, एकदा आमच्या पत्र्यावरच्या उघड्याबोडक्या अँटेनाकडे. माझी पाचावर धारण बसली. लायसन तपासणारे येतात, दंड करतात, सेट उचलून नेतात, असं मी ऐकून होतो. नेमकं आजच धुणं नव्हतं. आत थोरलीनं दुसरी ओवी धरली होती:

"वलवणच्या वाटंनं गं, गाडी पुन्याला धावती,
बाळाच्या माझ्या हातामंदी..."

मी झडप घालून सेट बंद केला, वर कापड टाकलं, बायकोला हातानंच गप्प बस म्हणून खुणावलं आणि दार एक वीतभर उघडून उभा राहिलो. त्या माणसाला मी तोंड उघडूच दिलं नाही. न विचारताच सगळं नाकारून टाकलं. तो कागद पुढे करत होता, मी दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणालो, मी कशावरही सही करणार नाही. तो मला साहेब म्हणत होता आणि मी त्याला साहेब म्हणत होतो. शेवटी तो कागद कट्ट्यावर ठेवून, मान खाली घालून निघून गेला.

मी दार लावलं आणि बायकोकडे असं पाहिलं, की जणू गडच राखला. सेट पुन्हा लावायची मात्र हिंमत झाली नाही. न जाणो, कोपऱ्यावर उभा राहून ऐकत असला तर? बायको बाहेर जाऊन तो कागद घेऊन आली. तिनं तो माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं?

शाळेच्या वहीचा कागद. वार, वेळ, माझं नाव, माझा पत्ता. पोरांच्या वह्यांवर लाल शाईनं अक्षर सुधारा म्हणून लिहिणाऱ्या मला स्वतःचं अक्षर हातभरावरून ओळखता आलं नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं, की टेप अजून चालूच आहे. मी ती मागे घेऊन लावली. दीड ओवी. खट्. मग धावपळ, दाराची कडी, आणि माझा आवाज. बाप रे, काय तो आवाज! "छे छे साहेब, आमच्या घरी टीव्ही नाही! डोळ्यांना वाईट असतो तो. वर आहे ती धुण्याची दांडी. मी मास्तर माणूस, असलं काही केलं तर पोरांना तोंड कसं दाखवू?" आणि माझ्या बडबडीच्या फटीफटीतून दुसरा एक आवाज, अगदी नरम. "साहेब, ते मावशीनं..." मग पुन्हा मी. "साहेब, आईचं गानं..." पुन्हा मीच. तिसऱ्यांदा नुसतंच "बरं साहेब." दारात उभं राहून जे मला ऐकू आलं नव्हतं, ते यंत्राला आलं होतं.

मी चपला अडकवून स्टेशनाकडे पळालो. पुण्याकडची लोकल निघून गेली होती. फाटकावर रात्रपाळीला जाण्याआधी तो माणूस आपल्या आईचा आवाज ऐकायला माझ्या दारात आला होता, आणि मी त्याला हाकलून दिलं होतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी पोस्टात गेलो आणि थकलेल्या फीसकट, दंडासकट लायसन काढलं. मास्तरांनी दंड भरला म्हणून पोस्टातल्या कारकुनानं चहा पाजला.

रविवारी आम्ही दोघं टेपरेकॉर्डर घेऊन वस्तीवर गेलो. वाटेत मी बायकोला म्हटलं, खट् वाजायच्या आत मी बटण दाबीन. घरी दहा वेळा सराव केला होता. थोरली मावशी पडवीत वाकळेवर पडलेल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. मुलगा उशाशी बसला होता. त्याच्या अंगात तोच खाकी कोट होता. मला पाहून तो उठला आणि म्हणाला, या साहेब. मी काहीतरी पुटपुटलो. माफी मागायची सोडून यंत्र वाकळेशेजारी मांडत बसलो.

टेप लावली. जात्याची घरघर सुरू झाली तसं थोरलीनं तोंड वळवलं. स्वतःचा आवाज आला, तेव्हा त्यांनी आधी धाकटीकडे पाहिलं, मग त्या डबीकडे. डाव्या हाताची बोटं वाकळेवर हळूहळू फिरायला लागली, जात्याचा खुंटा धरल्यासारखी. मी ती बोटंच बघत राहिलो आणि बटण राहून गेलं. "बाळाच्या माझ्या हातामंदी..." खट्.

धाकट्या मावशींनी उरलेली ओळ तिथल्या तिथे गाऊन टाकली. "हिरवी झेंडी हालती." आणि तेवढ्यात टेपमधून मी ओरडायला लागलो, की आमच्या घरी टीव्ही नाही. मी बटणाकडे हात नेला, तर थोरलीनं डावा हात वर केला. राहू दे. त्या ऐकत होत्या. "साहेब, ते मावशीनं... साहेब, आईचं गानं..." लेकाचा आवाज आला तसं त्यांचं अर्धं तोंड हसलं. त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा लाव. त्या सकाळी मी स्वतःचं ते खोटं सात वेळा ऐकलं.

संक्रांतीच्या सुमाराला थोरली मावशी गेल्या. तेराव्यानंतर एका संध्याकाळी मुलगा आमच्याकडे आला. या वेळी मी दार सताड उघडलं, त्याला आत बसवलं. टीव्हीच्या वर मी लायसन चौकटीत घालून टांगलं होतं. ते तपासायला पुढे आयुष्यात कुणी आलं नाही. त्याला कॅसेट हवी होती, आणखी काही दिवसांनी स्वतःचा टेपरेकॉर्डर घ्यायचा त्याचा विचार होता. मी म्हटलं, आजच नेऊ नकोस, दोन दिवस थांब. मेहुण्याचा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडून माझं सगळं बोलणं पुसून घेतो, नुसती ओवी ठेवतो.

तो म्हणाला, "नगं पुसू, मास्तर. त्यात आई हाय, मी बी हाय. मधी तुमी लय बोलताय, पर ऱ्हाऊ द्या."

मी कॅसेट त्याच्या हातात दिली. त्यानं ती झोळीत, गुंडाळलेल्या झेंड्यांच्या मधे ठेवली आणि तो ड्यूटीवर गेला.