‘स्टेपनी’ कोण वाचतं?

त्या रविवारी सकाळी परभणीच्या स्टेडियमसमोर फियाट उभी करून मी एकटीच थांबले होते. येलदरी धरणाची सहल ठरली होती... आणि कोणीच आलं नव्हतं.

ही गोष्ट नामांतराच्या वर्षांतली. बंदमुळे हीच सहल आधी दोनदा पुढे ढकलली होती. पण त्या दिवशी सगळं सुरळीत होतं. लोकांना यायचंच नव्हतं, एवढंच.

आमच्याकडे तेव्हा स्वतःची गाडी असलेली माणसं मोजकीच. माझ्या यजमानांनी अशा गाडीवाल्यांचं एक मंडळ काढलं, आणि मंडळाचं छोटंसं मासिक... ‘स्टेपनी’. मी नोकरीला होते त्या शाळेच्या सायक्लोस्टाइल मशीनवर काढलेली थोडी पानं. कार्बोरेटर कसा साफ करायचा, जिंतूर रोडला पंक्चर झालं तर काय करायचं, कोणाची जीप चिखलात कशी रुतली... लोक भरभरून लिहायचे. मी फक्त टाइप करून द्यायची. इंजिनातलं मला ओ की ठो कळायचं नाही.

मग हे अचानक गेले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि दारात गाडी.

गाडी चालवायला ह्यांनीच शिकवलं होतं, अंकाचं काम येतच होतं. म्हणून दोन्ही चालू ठेवलं. खरं सांगू? दुपारी शाळेतून आल्यावर दारात पोस्टमन दिसावा, एवढ्यासाठी.

पण हळूहळू मारुती आल्या आणि लोक बदलले. मानवतचे एक जिनिंगवाले सभासद मला म्हणाले, “वहिनी, आता गाडीवर काय लिहायचं? चावी फिरवली की चालू होतीय.” बरोबरच होतं त्यांचं. बॉनेट उघडायची वेळच येत नव्हती.

लेख यायचे, पण भलतेच. कोणी प्लॉट घेतल्याचं लिहायचं, कोणी मुलाला पुण्यात ॲडमिशन मिळाल्याचं, कोणी गुडघेदुखीवरच्या तेलाचं. ह्यांचा नियम होता... अंकात फक्त मोटारी. मी ते लेख बाजूला ठेवायची आणि उरलेली पानं स्वतःच काहीबाही लिहून भरायची. शाळेत जाता-येता काय दिसलं, रस्त्यात कोण भेटलं, असलं काहीतरी.

त्या दिवशी सहलीत सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं की मंडळ आणि मासिक दोन्ही बंद करते. पण सांगायलाही कोणी नव्हतं. ऊन चढलं. चहावाला दोनदा येऊन विचारून गेला. शेवटी मी गाडीत बसले.

तेवढ्यात बसस्टँडकडून एक सायकलरिक्षा आली. त्यातून एक म्हातारे गृहस्थ उतरले, सोबत त्यांच्या बेगम. पाथरीचे कादरसाहेब. उर्दू शाळेतून रिटायर झालेले, मंडळाचे अगदी पहिल्यापासूनचे सभासद. त्यांनी गाडी कधीच विकून टाकली होती, हे मला माहीत होतं. का विकली, ते आत्ता कळलं. भाभींनी त्यांचा हात धरला होता. कादरसाहेबांची नजर गेली होती.

दोघं पाथरीहून पहिल्या एसटीने आले होते. भाभींनी इकडेतिकडे बघितलं आणि बाकीचे कुठे आहेत असं विचारलं. कोणी येणार नाही, म्हटलं.

कादरसाहेब म्हणाले, “बाई, गाडी नसलेल्या मानसाला सहलीला येता येतं ना?”

मी पुढचं दार उघडलं.

झरी गाव मागे पडलं. मागच्या सीटवरून भाभी बोलत होत्या. अंक आला की साहेबांना त्याच वाचून दाखवतात, म्हणाल्या. एवढी वर्षं मी समजत होते, सभासद म्हणजे गाडीवाले पुरुष. आणि इथे माझी वाचक मागे बसली होती, पदर सावरत.

“एक सांगू का बाई?” त्या म्हणाल्या. “गाडीचं वाचलं की हे लय गप्प होतेत. तुमी रस्त्याचं लिहिता ना, ते वाचलं की बोलायला लागतेत. तेवढं लिहीत जावा.”

मला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. गाडी हळू केली.

बाजूला कादरसाहेब काचेकडे तोंड करून बसले होते. त्यांनी विचारलं, “आता काय दिसायलंय?”

मी सांगायला लागले. उजवीकडे ज्वारी, कणसं भरलेली. तूर पिवळी पडलीय. एक बाई डोक्यावर कडबा घेऊन चाललीय, मागे तिचं कुत्रं. बोरी गावाच्या पुढे कापसाने भरलेली बैलगाडी... ते मध्येच थांबवून विचारायचे, बैल कोणत्या रंगाचे? येलदरीला पोचेपर्यंत माझा घसा सुकला होता. हे गेल्यापासून इतकं सलग मी कोणाशीच बोलले नव्हते.

मासिक मी बंद केलं नाही. बाजूला ठेवलेले प्लॉटचे, ॲडमिशनचे, गुडघ्यांचे लेख काढले आणि छापायला लागले. माणसांची आवड बदलली होती, माझीही बदललीच होती की. भाभींनीही एकदा लिहून पाठवलं, पाथरीच्या बाजाराबद्दल.

पुढे कादरसाहेब गेले, भाभी मुलाकडे औरंगाबादला गेल्या. त्यानंतर दोन-तीन अंक निघाले असतील... मग ‘स्टेपनी’ थांबली. का थांबली, असं कोणीही विचारलं नाही.

आता मी इथे, मोबाइलवर लिहिते. बहुतेक रस्त्याबद्दलच. खाली चार-पाच अंगठे दिसतात, कोणाचे ते कळत नाही... पण कुठे कोणी हे कोणाला वाचून दाखवत असेल, तर त्या दोघांनाही माझा नमस्कार.