उंटाला हत्तीच हवा

आमच्या लहानपणी खामगावात सगळी जनावरं कापडाच्या दुकानात राहायची. पोपट धोतरजोडीवर, हरीण मांजरपाटावर, मोर छिटावर, सिंह लठ्ठ्यावर. मिलमधून आलेल्या प्रत्येक ताग्यावर, अगदी वरच्या घडीला, सोनेरी काठाचं एक रंगीत चित्र चिकटवलेलं असे. त्याला छाप म्हणायचे. गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना मिलचं नाव वाचता यायचं नाही. ते जनावरावरून कापड ओळखायचे. "मागल्या साली नेलं होतं तेच हरीण द्या, शेठ," असं सोनाळ्याकडचा शेतकरी म्हणाला की शेठ मुकाट्यानं हरीण काढून द्यायचे.

शाळेत चित्रांचं पुस्तक नव्हतं असं नाही. एक होतं. ते मोठ्या बाईंच्या कपाटात कुलपात असे, आणि शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले की बाहेर निघे. मागच्या रांगेतून त्यातलं मांजर मांजर आहे की पिंजलेला कापूस, हेही कळत नसे. म्हणून आम्ही आमचं पुस्तक केलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. ती शिंप्याची मुलगी, माझ्याच वयाची, आठ-नऊ वर्षांची. तिच्या वडिलांचं शिलाईचं मशीन त्या शेठच्या दुकानाच्या ओट्यावर असायचं, आणि ती त्यांच्याजवळ बसून काजं-बटणं करायची. शाळेत ती कधी गेली नाही. तागा संपला की शेवटच्या तुकड्यावरची छाप शेठ तिला देत, आणि ती तळहातावर प्रसाद आणावा तशी ती आमच्या घरी घेऊन येई. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. जुने झालेले मोठे छापील कागद ते बंब पेटवायला घरी आणत. एका बाजूला 'मध्यप्रांत व वऱ्हाड', दुसरी बाजू कोरी. तिनं ते कोरी बाजू बाहेर ठेवून दुमडले आणि दुहेरी दोऱ्यानं शिवले. कणकेची खळही तीच करायची. मी चित्राखाली गोष्ट लिहायची. म्हणजे कागद बाबांचे, चित्रं तिची, शिलाई तिची, खळ तिची, आणि पुस्तक माझं. तेव्हा यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

पुस्तकाचा नियम एकच होता. दोन जनावरं समोरासमोर चिकटवायची आणि पान संपेपर्यंत त्यांची मैत्री व्हायलाच पाहिजे. कोणती दोन, हे आमच्या हाती नव्हतं. जो तागा संपेल ते जनावर. एकदा मोराच्या जोडीला जहाज आलं. जहाज काही जनावर नव्हे, पण मी मोराला त्यात बसवून मोकळी झाले. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाजारात कापसाच्या गाड्या लागायच्या, कापूस विकून लोक कापड घ्यायचे, आणि आमच्याकडे जनावरांची रीघ लागायची. उन्हाळ्यात मग एखादं मुंगूससुद्धा येत नसे.

तिला वाचता येत नव्हतं, पण गोष्टी तिला तोंडपाठ असत. दुसऱ्यांदा वाचताना मी एक शब्द इकडचा तिकडे केला तर लगेच पकडायची. "काल मुंगूस पयले हासलं होतं. आज ससा काऊन हासला?" मला राग यायचा. आता वाटतं, इतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात उंट आला. मान इतकी उंच की डोकं सोनेरी काठाला टेकलेलं, आणि ओठ असे की जणू सगळ्या खामगावावर रुसलाय. मी लगेच गोष्ट सुरू केली. उंट फार उंच होता. सशानं खालून काही सांगितलं तर त्याला ऐकूच जायचं नाही. हरणानं हाक मारली तरी नाही. म्हणून त्याला कोणी मित्रच नव्हता. आता त्याच्या कानात हळूच गुपित सांगू शकेल असा एकच, आणि तो म्हणजे हत्ती. सोंड उचलली की कान आलाच. इथवर लिहून मी पेन्सिल खाली ठेवली आणि सांगितलं, हत्ती येईपर्यंत पुढची गोष्ट नाही.

हत्ती दुकानात होता. पण तो होता मलमलीच्या ताग्यावर, सगळ्यात वरच्या फळीवर. मलमल लागायची ती कोणाच्या तरी लग्नात आहेराच्या फेट्यांना, आणि तीही पाटील-देशमुखांच्या. तो तागा काही लवकर संपणार नव्हता.

"घोडा चालन ना," ती म्हणाली. "घोडा हाये आपल्याजवळ."

"नाही. हत्तीच."

"मंग मोर उडून जाईन त्याच्या कानापाशी."

"मोर जहाजात गेला. एकदा सांगितलं ना, हत्तीच पाहिजे."

संक्रांत गेली, होळी गेली. ती रोज विचारायची, उंटाले हत्ती भेटला त तो काय म्हणन? मला ठाऊक असायचं आणि मी सांगायची नाही. खरं सांगायचं तर तिला ताटकळत ठेवण्यात मला मजा येत होती. आई मला उंटावरची शहाणी म्हणायची. तिला आमच्या उंटाबद्दल काहीच माहीत नव्हतं, तरी ते बरोबर होतं.

चैत्रात एका संध्याकाळी ती हत्ती घेऊन आली. अख्खा, चारही कोपरे शाबूत, पाठीवर लाल झूल.

"तागा संपला?" मी विचारलं.

"घे ना. चिकटव," ती म्हणाली.

छाप ओलसर होती. संपलेल्या ताग्याची छाप कधी ओलसर नसते, ती कापडाच्या तुकड्यासकट कोरडी येते. हे मला माहीत होतं. मला काही कळलं नाही, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण मला कळलं होतं. मी हत्ती उंटासमोर चिकटवला. तेवढ्यात तिच्या वडिलांची हाक आली, आणि गोष्ट उद्यावर गेली. पुस्तक माझ्याकडेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी नेमकं जळगाव जामोदकडच्या एका पाटलांचं माणूस लग्नाचा बस्ता बांधायला आलं. शेठनी मलमल खाली उतरवली, तर वर हत्ती नाही. हत्तीच्या जागी चौकोनी पिवळा डाग. "हत्ती नाई त हा माल तो नव्हे," असं म्हणून पाटलांचं माणूस उठलं आणि शेजारच्या दुकानात गेलं. चांगल्या मालाची छाप काढून हलक्या ताग्यावर लावणारे लोक तेव्हा असायचे. छाप सुटते ओल्या फडक्यानं, आणि दुकानात ओल्या फडक्याशी रोजचं काम कोणाचं? इस्त्री करणाऱ्या शिंप्याचं. शेठनी तिच्या वडिलांना मशीन उचलायला सांगितलं.

शाळेतून येताना मी त्यांना पाहिलं. मशीन त्यांच्या डोक्यावर, आणि मागे ती, एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात तिपाई. लग्नसराईचे दिवस. कापड घेतलं की ओट्यावरच माप देऊन जायची लोकांची रीत. आता त्यांच्या घरच्या बोळात झंपर शिवायला कोण जाणार होतं? तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी आईनं शेजारून बातमी आणली. "पोरगी म्हणते, मीच काढली, खेळायला. शेठ म्हणाले, मग दाखव. तर दाखवत नाही. दाखवणार काय? बापाला वाचवतेय बिचारी."

मी ताटातली पोळी मोडत बसले. ती खरं बोलतेय हे सिद्ध करणारी एकच वस्तू साऱ्या खामगावात होती, आणि ती माझ्या गोधड्यांच्या थप्पीखाली होती. चार महिने मी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. आता खाली उतरायची वेळ आली, तर मूग गिळून बसले. कारकुनाच्या घरात चोरीचा माल निघाला तर बाबा काय करतील, याच्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. असे चार दिवस गेले. त्या चार दिवसांची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी ती मागच्या दारी आली. पुस्तक मागायला आली असणार, म्हणून मी थाप तयार ठेवली होती की पुस्तक बंबात गेलं. ती पायरीवर बसली. बोटांना सुईची भोकं पडलेली होती.

"सांग आता," ती म्हणाली.

"काय?"

"हत्ती भेटला ना त्याले. मंग उंटानं काय म्हटलं?"

मी विचारलं, "तू शेठला पुस्तक कुठंय ते का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त त्यानं पुस्तक नेलं असतं. आन तुह्या बाबानं तुले मारलं असतं." मग म्हणाली, "अन् गोष्ट राहून गेली असती."

मी रडायला लागले आणि आत पळाले. ती थोडा वेळ बसली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक परकरात गुंडाळून मी एकटी दुकानात गेले. ओट्यावर मशीनच्या पायांच्या चार खुणा तशाच होत्या. शेठ गादीवर पान लावत होते.

"ये क्या है, बेटी?"

मी पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. मनात तीन तऱ्हेची उत्तरं घोकून गेले होते, पण त्यांनी पहिलंच पान उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, हा पोपट! याचं धोतर काय चालायचं! मिलनं बंदच केलं." बोट ओलं करून ते पानं उलटत गेले. "हा सिंह. याचा लठ्ठा पहिल्या धुण्यात आटायचा, लोक शिव्या द्यायचे मला." माझ्या गोष्टींतली एक ओळही त्यांनी वाचली नाही. त्यांना त्या पुस्तकात फक्त कापड दिसत होतं. मग उंट आला, आणि उंटासमोर हत्ती. शेठचं बोट तिथंच थांबलं.

"तिनं काढली," मी म्हणाले, "पण मी हट्ट केला म्हणून. तिच्या बाबांना माहीत नव्हतं."

त्यांनी नखानं हत्तीचा एक कोपरा उचलून पाहिला. तिची खळ पक्की होती, तो हलला नाही. मग त्यांनी कापडाची मोठी कात्री घेतली आणि कागदासकट हत्ती चौकोनी कापून काढला. वीतभर लांब, वीतभर रुंद. मागं चिकटलेल्या 'मध्यप्रांत व वऱ्हाड'सकट तो मलमलीच्या डागावर गेला. पुस्तक माझ्याकडे सरकवून शेठ काही वेळ रिकाम्या ओट्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता ते बाबांना बोलावणार. पण त्यांनी टोपी घातली, गडी-माणसाला दुकान सांभाळायला सांगितलं आणि स्वतः चालत बोळाकडे निघाले. मी मागून.

तिचे वडील दारात बसून शिवत होते. शेठ म्हणाले, "मशीन जागेवर ठेव ना भाऊ. ओटा सुना दिसतो." एवढंच. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, पण शिंप्याच्या बोळात शेठ चालत आल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. तिच्या वडिलांनी हातातली शिलाई शेवटपर्यंत नेली, दोरा दातानं तोडला आणि मगच उठले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "हत्ती पायजे होता त मले सांगाचं होतं, माय. तागा संपला असता तवा तुमचाच होता तो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

मोठी माणसं मशीन घेऊन गेली. अंगणात आम्ही दोघीच उरलो. मी पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं. डाव्या पानावर उंट, उजव्या पानाला मोठं चौकोनी भोक.

"हत्ती गेला," मी म्हणाले. "आता गोष्ट नाही होणार."

तिनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कात्री सरळ चालली आहे की नाही, हे ती पाहत होती. मग पुस्तक स्वतःकडे ओढून तिनं ते पान उभं केलं, त्याच्या मागं गेली आणि भोकातून तोंड बाहेर काढलं. कपाळावर घामानं चिकटलेले केस, नाकावर सोनेरी काठाचा एक कण, आणि समोर उंट.

"हा पाह्य, आला हत्ती," ती म्हणाली. "सांग आता. उंटानं काय म्हटलं?"

चार महिने मनात घोळवलेली, चांगली अलंकारिक वाक्यं होती माझ्याजवळ. त्यातलं एकही आठवेना.

"उंट म्हणाला," मी म्हणाले, "माह्यं चुकलं."

भोकातल्या हत्तीनं जरा विचार केला.

"हाव," तो म्हणाला. "मंग? पुढं काय झालं?"