सकाळी नऊची शर्यत

होडी पाण्यात सोडताना हात नेमका कधी काढायचा, हे सांगून समजत नाही. एक बोट अजून मागच्या टोकाला टेकलेलं असतं, शिडात वारा भरू लागलेला असतो, आणि बोटाखालचं लाकूड एकदम हलकं होतं. त्या क्षणासारखा आनंद मला बारावीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. आमच्या घरी हे वाचलं तर हसतील, कारण आमच्या घरात बारावीचा निकाल लागलेला मी पहिलाच. पण जे खरं तेच लिहितो आहे.

मी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. ही गोष्ट पहिल्या वर्षाची. आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत एका खोलीच्या घरात राहतो. माझे वडील, आबा, सुतार आहेत. गावाकडे, साताऱ्याच्या बाजूला, ते नांगर आणि बैलगाड्या करत. इकडे इमारती उठू लागल्यावर ते आले आणि दारं-खिडक्या करू लागले. आमच्या सोसायटीतले निम्मे दरवाजे त्यांच्या हातचे. पावसाळ्यात ते दरवाजे फुगत आणि लागत नसत. मग तळमजल्यावरच्या बाई जिन्यात आबांना गाठून म्हणत, "तुमचा दरवाजा बघा हो, माझ्या मिस्टरांना घरात घेत नाहीये." सगळे हसत. आबाही हसत, पण वर येताच रंधा घेऊन पुन्हा खाली जात.

आबांनी माझ्या हातात कधी हत्यार दिलं नाही. लहानपणी मी रंध्याला नुसतं बोट लावलं तरी म्हणायचे, "ठिव ते. तुझ्या हातात पेन शोभतंय."

होड्यांचा नाद मला लागला तो वर्गातल्या एका मित्रामुळे. तो जवळच्या जुन्या गावातला. त्याच्या घरची मासेमारीची होडी खाडीत असे, आणि घरातली मुलं लहानपणापासून तशाच वीतभर-हातभर होड्या करून पाण्यात सोडत. आमचं कॉलेज सकाळचं. दुपारी आम्ही दोघं वसाहतीच्या कडेच्या बांधावर जाऊन बसायचो. बांधाच्या आत मोठं तळं होतं, खाडीला जोडलेलं. एकदा त्याने पिशवीतून एक होडी काढली, तिची डोलकाठी उभी केली, शीड ताणलं आणि पाण्यात सोडली. कोणी ढकलत नव्हतं, कोणी ओढत नव्हतं, आणि ती तिरकी होऊन सरसर निघाली. मी उभाच राहिलो. आमच्या गावाला पाणी म्हणजे विहीर. पाण्यावरून काही असं आपल्या आपण जातं हे मी जवळून पाहिलंच नव्हतं.

"मला शिकवशील?" मी विचारलं.

"सुताराचा पोरगा तू," तो म्हणाला. "मी काय शिकवनार?"

त्याला काय माहीत, की सुताराच्या पोराला खिळासुद्धा सरळ मारता येत नव्हता.

पहिली होडी मी खोक्याच्या देवदारी फळीची केली. पाण्यात ठेवली आणि ती शांतपणे कुशीवर निजली. मित्र म्हणाला, "झोपली रे तुजी. पांघरून घाल तिला." दुसरी नुसती गोल गोल फिरली. तिसरी बरी होती, पण तळ्याच्या मध्यावर जाऊन वाऱ्याकडे तोंड करून थांबली आणि शेवटी बुडाली. दर वेळी मी घरी येताना पुढच्या होडीचाच विचार करायचो. अर्थशास्त्राच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर शिडं काढायचो. रस्त्यात पडलेला लाकडाचा तुकडा दिसला की आधी उचलून त्याचं वजन बघायचो. एखाद्या गोष्टीने माणूस इतका आतून जागा होतो, हे मला तेव्हाच कळलं.

चौथी होडी मी नीट करायची ठरवली. दोन अर्धे तुकडे वेगवेगळे आतून कोरायचे आणि मधोमध गोंदाने जोडायचे, म्हणजे पोट पातळ होतं आणि होडी हलकी होते. तळाला लावायला मित्राने जाळ्याचं शिसं दिलं, म्हणजे ती कुशीवर निजणार नाही. शिडाला कापड हवं होतं. मी आईकडे मागितलं, तिने उशीचा जुना अभ्रा दिला आणि म्हणाली, "आता उशी नागडी निजंल. पन तुझी होडी नटू दे." हत्यारं आबांची. ते कामावर गेले की त्यांच्या जुन्या पेटीतून पटाशी काढायची, गॅलरीत बसून कोरायचं, आणि ते येण्याआधी ढलप्या गोळा करून टाकायच्या.

एके दिवशी ते लवकर आले.

"पटाशी कुनी काढली?"

"मी."

"कशापायी?"

मी होडी पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "गाव सोडलं, भावकी सोडली," ते म्हणाले, "ते तुला ह्या कामातनं भाईर काढाया. आन् तू परत ह्याच्यातच?"

"आबा, हे काम नाही. छंद आहे."

"छंद," ते म्हणाले, नवा पदार्थ तोंडात घोळवावा तसे. "माझ्या बापाला बी असाच लागला हुता छंद. जल्म गेला त्यात."

मी ढलप्या गोळा करू लागलो.

मधल्या काळात एका रविवारी सकाळी मी आणि मित्र तळ्यावर त्याची होडी सोडत होतो. तळं काठोकाठ भरलेलं. फिरायला आलेले सोसायटीचे सेक्रेटरी काका थांबले, मग त्यांच्यामागे आणखी दहा-बारा लोक. सेक्रेटरी काकांनी चष्मा पुसला आणि तिथेच जाहीर केलं, "पुढच्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, होड्यांची शर्यत! प्रत्येक बिल्डिंगने भाग घ्यायचा." दुपारपर्यंत फळ्यावर तसं लिहून झालं. मित्राला हे कळलं नाही, कारण तो शर्यत जाहीर व्हायच्या आधीच होडी उचलून निघाला होता. त्या दिवशी त्याला उरणजवळच्या मोऱ्याला जायचं होतं, मामाकडे लग्नाला. आठवडाभर तो तिकडेच होता.

घरी आबांना ते कळलंच. ते म्हणाले, "व्हऊ दे ती शर्यत. सोमवारपासनं माझ्या पेटीला हात लावायचा न्हाई. परीक्षा तोंडावर आलीया."

मी हो म्हणालो. माझ्यासाठी त्यांनी काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं, त्यामुळे दुसरं काही म्हणताच येईना. पण म्हणजे ही होडी शेवटची. माझी एकही होडी अजून पलीकडच्या बांधाला लागली नव्हती. ही लागली नाही, तर आपल्या हातची होडी पलीकडे पोहोचते तेव्हा कसं वाटतं, हे मला कधीच कळणार नव्हतं.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. शनिवारी बादलीत होडी तरंगवून पाहिली. सरळ उभी! मी आईला हाक मारली, शेजारच्या काकूंना हाक मारली. आबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं.

रविवारी नऊच्या आधीच आम्ही सगळे बांधावर. वीस-पंचवीस होड्या असतील. थर्माकोलच्या, प्लायवूडच्या, एक दुकानातली प्लॅस्टिकची. मुलांच्या डोक्यावर टोप्या, कोणाच्या हातात पिपाणी. आम्ही बांधाचा चढ चढून वर आलो आणि खाली पाहिलं.

पाणी नव्हतं.

सगळीकडे काळा चिखल, त्यात बगळे चालत होते, आणि मधून पाण्याची एक बारीक ओघळ.

"पाणी कुठे गेलं?" सेक्रेटरी काका म्हणाले. "मागच्या रविवारी ह्याच वेळी होतं की! मी स्वतः पाहिलंय."

"कोणीतरी सोडून दिलं असेल."

"टाकी आहे का ती?"

"कम्प्लेंट करा, कम्प्लेंट!"

तेवढ्यात मागून माझा मित्र आला, लग्नाहून सकाळच्याच होडीने परतलेला. मी त्याच्या घरी ठेवलेला निरोप मिळून तो आपली होडी घेऊन थेट आला होता. त्याने चिखल पाहिला, आमच्या हातातल्या होड्या पाहिल्या आणि तो बांधावर बसून पोट धरून हसायला लागला.

"नऊ वाजता कोनी ठरवली?"

"मागच्या रविवारी नऊला भरलं होतं ना," मी म्हणालो.

"आरं, मागच्या रविवारी भरती व्हती! पानी रोज उशिरा येतं. आठ दिसांत भरतीची ओहोटी व्हते. पानी काय तुमच्या सोसायटीचा नळ हाय काय, नऊला यायला?"

आम्ही सगळे घाटावरचे, कोणी कोल्हापूरचे, कोणी नगरचे, कोणी सोलापूरचे. आमच्याकडे तळं म्हणजे तळं. सकाळी असलं की संध्याकाळीही असतं. इतकी माणसं खाडीच्या काठावर राहायला आली होती आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळा बांध हसू लागला. सेक्रेटरी काका सर्वांत जोरात. "मग कधी?" त्यांनी विचारलं. "जेवून या," मित्र म्हणाला. "तीनच्या सुमाराला."

लोक पांगले. आम्ही दोघं तिथेच थांबलो. मला घरी जाववेना. ऊन चढलं. होड्या बांधावर ओळीने ठेवलेल्या.

दुपारी आबा आले. मला जेवायला बोलवायला आईने पाठवलं होतं. ते ओळीजवळून चालत आले आणि माझ्या होडीपाशी थांबले. त्यांनी ती उचलली. पहिल्यांदाच. आतून-बाहेरून अंगठा फिरवला आणि तो तळाशी थांबला.

"हितं फाकली."

जोडाच्या रेषेवर केसाएवढी फट पडली होती. कालच्या बादलीतल्या पाण्याने ओली झालेली होडी सकाळपासून उन्हात वाळत होती. मला रडायला आलं असतं, पण मित्राने फट पाहिली आणि म्हणाला, "काय नाय झालं. भिजत टाक."

"भिजत?" आबांनी होडी छातीशी धरली. "लाकूड भिजवायचं? फुगंल ते!"

"फुगू द्या, काका. फुगली की फट मिटते. आमची होडी उन्हात वर काढली की अशीच फाटते. पान्यात टाकली की थोडं पानी पिते, मंग गप बसते."

"फुगलं म्हंजे बिघडलं," आबा म्हणाले. "मी आयुष्यभर फुगलेली दारं तासतोय, मला सांगतोस?"

"दाराला फुगायचं नसतं, काका. होडीला फुगायला पायजे."

"लाकूड ते लाकूड!"

"आवो, पन पानी कुठं हाय ते बघा की!"

दोघं इतके तावातावाने बोलत होते की बगळे उडाले. मी दोघांकडे पाहत होतो. आबांचं म्हणणं खोडावं असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी हळूच होडी त्यांच्या हातातून घेतली. "आबा, भिजवून बघतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. खाली चिखलातून पाणी परत येऊ लागलं होतं. मी गुडघाभर उतरलो, माझी होडी पाण्याखाली दाबली आणि तिच्या पोटात दगड ठेवला. आपलीच होडी आपल्या हाताने बुडवली. वर आबा डोकं धरून बसले. जेवायला कोणीच गेलं नाही.

तीनपर्यंत तळं भरत आलं. लोक परत आले, पिपाण्यांसकट. मी दगड काढून होडी वर आणली, पाणी ओतलं, तळाकडे पाहिलं. रेष दिसत होती, पण फट? नखाने चाचपलं. लागेना! मी मित्राला दाखवली, तो म्हणाला, "बघतोस काय, शीड लाव!"

शिट्टी झाली. थर्माकोलच्या होड्या वाऱ्याने उलट्या होऊन उडाल्याच. प्लॅस्टिकची गिरक्या घेऊ लागली. मित्राची तीरासारखी पुढे. मी बोट टेकवून उभा होतो, वारा भरला, लाकूड हलकं झालं, आणि मी हात काढला. ती झुकली, आता निजते की काय, नाही, उठली, आणि निघाली! मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मध्यावर ती थबकली, जिथे तिसरी बुडाली होती तिथेच. मग शीड पुन्हा फुगलं.

बांधावरून कोणीतरी धावत होतं. लेंगा वर धरून, चपला हातात घेऊन, आबा! तळ्याला वळसा घालून ते पलीकडे निघाले होते आणि होडीला हाका मारत होते, गावच्या शर्यतीत बैलांना मारतात तशा. मित्राची होडी आधी लागली. प्लायवूडची एक दुसरी. माझी तिसरी, आणि ती लागली तेव्हा पलीकडे चिखलात आबाच उभे होते. त्यांनी ती उचलून उलटी केली. आतून चमचाभर पाणी पडलं. मी धापा टाकत पोहोचलो तरी ते त्या रेषेवरून अंगठा फिरवत होते.

"मिटली की रं," ते म्हणाले.

घरी येईपर्यंत त्यांनी ती हातातच धरली होती. तळमजल्यावरच्या बाईंना त्यांनी जिन्यात स्वतःहून दाखवली.

सोमवारी मी कॉलेजातून आल्यावर पटाशी पुसून पेटीत ठेवली, शब्द दिला होता तसा. संध्याकाळी आबांनी ती काढली, अंगठ्यावर धार पाहिली आणि मला हाक मारली.

"ह्या धारंनं कोरलीस?"

"हो."

"हात कसा कापला न्हाई तुझा?" त्यांनी दगड पुढ्यात घेतला, त्यावर पाणी शिंपडलं आणि मला समोर बसवलं. "परीक्षा होस्तोवर होडी न्हाई. पास झालास तर मग बघू. पन हत्यार घ्यायचं तर असलं बोथाट घ्यायचं न्हाई. धर."

मी पटाशी धरली आणि घासू लागलो. कोन चुकला की ते नुसते "हं" म्हणायचे, मी थांबायचो, पुन्हा धरायचो. आई स्वयंपाक करता करता आमच्याकडे बघत होती. बऱ्याच वेळाने दगडावरचा आवाज बदलला, खरखर जाऊन बारीक सळसळ येऊ लागली. मी वर पाहिलं.

"थांबू नको," आबा म्हणाले. "आत्ता कुठं लागतीया."