काच निवळेपर्यंत

कारखान्यात तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे घार. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दुसरं नाव तिला मनातून जास्त आवडायचं.

कामगारांसाठी डोळे राखणारे चष्मे तयार करायचा तो कारखाना. दगड फोडणारे, लोखंड घासणारे, झाडं तोडणारे, अशांच्या नाकावर बसणारे जाड, चिवट चष्मे. त्यातली काच खरं तर प्लास्टिकची, हातोडी मारली तरी न फुटणारी. पण काच या शब्दाची सवय कुणाची सुटली नव्हती. मावशी तपासणीला होती, एकवीस वर्षं. टेबलावर काळं मखमली कापड, डोक्यावर पांढरी ट्यूब आणि हातात काच. ती काच तिरकी धरायची, मनगट जरासं फिरवायची आणि केसाएवढा ओरखडा असो की सुईच्या टोकाएवढा बुडबुडा, नेमका टिपायची. "मावशीने पास केलेल्या काचेत खोट काढायची तर देवालाच चष्मा लावावा लागेल," असं पॅकिंगवाले म्हणत.

घरात ती, धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, वडील त्याआधीच गेले होते. तेव्हापासून त्याची शाळा, दुखणी, रुसवेफुगवे सगळं हिनेच काढलं. त्यात स्वतःच्या लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. भाऊ मोठा होऊन फरश्यांच्या गोदामात पेट्या उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी चालवायला लागला. बाहेर रखरखीत उन्हात ट्रक उभे, आत पत्र्याखाली अंधारं गोदाम. दिवसातून शंभर वेळा उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात. काळा चष्मा घातला तर आत दिसत नाही आणि साधा घातला तर बाहेर डोळे दिपतात, ही त्याची रोजची रड.

म्हणून कारखान्यात नवी काच आली तेव्हा मावशी जितकी हरखली तितकं कुणीच हरखलं नसेल. उन्हात धरली की आपोआप काळी होणारी, सावलीत आणली की निवळणारी काच. ती तयार केली होती प्रयोगशाळेतल्या तरुण बाईंनी. त्यांना सगळे प्रयोगबाई म्हणत. शिकून आलेल्या, बोलायला मोकळ्या, ॲप्रनवर कायम कसला ना कसला डाग. त्यांनी खिडकीत काच धरून अर्धी बोटांनी झाकली आणि उन्हातला अर्धा भाग पाहता पाहता धुरकट होत काळा झाला. बघणाऱ्यांचे डोळेच विस्फारले.

"यातला रंग उजेडाला जागा होतो," प्रयोगबाई म्हणाल्या, "आणि उजेड गेला की पुन्हा झोपतो."

काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून जो कडक लेप द्यायचे, त्यातच हा रंग मिसळला होता. तपासणीचं कार्ड ठरलं: दिव्याखाली दोन मिनिटं ठेवा, किती काळी होते ते यंत्रावर मोजा, ओरखडे बघा, शिक्का मारा. पहिली खेप वापरून बघायला फरश्यांच्या गोदामात द्यावी, हे मावशीनेच सुचवलं. खेपेतली एकेक काच तिने डोळ्यांत तेल घालून तपासली. भावाला चष्मा तिने स्वतःच्या हाताने दिला.

अकराव्या दिवशी दुपारी भावाचा अपघात झाला.

भर उन्हातून तो गाडी आत घेऊन आला. काच काळी ती काळीच. समोर मांडणीचा खांब होता, तो त्याला दिसला तेव्हा हातभर अंतर उरलं होतं. त्याने गाडी वळवली, मांडणीला धक्का लागला आणि वरच्या दोन पेट्या घसरून खाली आल्या. गाडीचं डोक्यावरचं छत मजबूत म्हणून जीव वाचला. पण बाहेर टाकलेला डावा पाय घोट्याच्या वर मोडला.

मावशी दवाखान्यात पोचली तेव्हा त्याला प्लास्टर घालून झालं होतं.

"माझीच घाई नडली, ताई," तो म्हणाला. "तू उगाच तोंड पाडू नकोस."

"चष्मा कुठे आहे?" तिने विचारलं.

भावजय कोपऱ्यात बसली होती. ती ताडकन उठली. "वन्सं, पाय मोडलाय यांचा आणि तुम्ही चष्मा विचारताय?"

उशाशी ठेवलेल्या पिशवीतून मावशीने चष्मा काढला, फडक्याने पुसला आणि बाहेर दवाखान्याच्या पायरीवर जाऊन उन्हात उभी राहिली. काच पुरती काळी झाल्यावर ती आत आली आणि भिंतीवरच्या सूचनेसमोर उभी राहून आकडे मोजायला लागली. साठ. शंभर. दीडशे. दोनशे वीस मोजून झाले तेव्हा कुठे "शांतता राखा" ही अक्षरं लागली.

ती तिथल्या बाकड्यावर बसली. एकवीस वर्षं ती काच बघत आली होती. पण काचेतून बघणाऱ्याला काय दिसतं, हे तिने या काचेच्या बाबतीत एकदाही पाहिलं नव्हतं. काळी होते किती, ते सगळ्यांनी मोजलं. निवळते किती वेळात, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि शिक्का तिचा होता.

संध्याकाळी भावजय घरी गेल्यावर तिने भावाला ते सांगितलं. आडपडदा न ठेवता.

भाऊ म्हणाला, "चार दिवस झाल्यावर माझ्या लक्षात आलं होतं गं. आत आलं की अंधार राहतो म्हणून. बाकीच्यांनी तर काढून खिशात ठेवला. पण मला वाटलं, ताईने पास केलाय म्हणजे चष्म्यात दोष नसणार, माझीच नजर कमी झाली असेल."

त्याने काही मनात ठेवून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते तिला फार लागलं.

"आता काय करू?" ती म्हणाली.

"काय करणार? नापास कर की!"

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दुसरी खेप येऊन पडली होती. मावशीने एकाही काचेवर शिक्का मारला नाही. तासाभराने साहेबांचं बोलावणं आलं. साहेब तसे वाईट नव्हते. फक्त गोष्ट कागदावर असेल तरच त्यांना खरी वाटायची.

"भावाचं ऐकलं. वाईट झालं," ते म्हणाले. "पण माल का अडवलात? कार्डावर आहे ते सगळं बरोबर आहे ना?"

"कार्डावरचं सगळं बरोबर आहे, साहेब. कार्डच चुकलंय."

"म्हणजे?"

"तुम्ही फक्त पाच मिनिटं हा चष्मा घाला आणि माझ्याबरोबर अंगणात चला."

आजवर मान वर करून न बोललेली बाई असं बोलते म्हटल्यावर साहेब निमूट उठले. अंगणात दोन मिनिटं उन्हात उभे राहिले. मग मावशी म्हणाली, "आता कोठारात चला आणि तिसऱ्या फळीवरच्या खोक्याचा नंबर वाचून दाखवा." साहेब तरातरा आत शिरले. चौथ्याच पावलाला त्यांची नडगी हातगाडीवर आदळली. कोठारातल्या माणसांनी भिंतीकडे तोंडं फिरवली. साहेब नडगी चोळत, एक पाय वर धरून उभे होते आणि अजून त्यांना हसणारे कोण ते दिसत नव्हतं.

"गोदामातले चष्मे आजच्या आज परत मागवा," ते शेवटी म्हणाले. "आणि बाई, तुमच्या घड्याळाने एकदा मोजून मला कागदावर लिहून द्या."

दोनशे दहा सेकंद. तिने लिहून दिले.

प्रयोगबाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. वाद मात्र त्यांनी घातला नाही. "माझं चुकलं, मावशी," त्या म्हणाल्या. "मी रंगाचं कौतुक करत बसले." मग त्यांनी साहेबांकडून मावशीला अर्धा दिवस प्रयोगशाळेत मागून घेतलं. त्यांचं म्हणणं, यंत्र आकडा सांगतं, पण काय बघायचं ते यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं.

तिथे मावशीला पहिल्यांदा त्या रंगाची गंमत कळली. "रंगाचा कण उजेड लागला की उलगडतो," प्रयोगबाई सांगत, "आणि पुन्हा मिटतो. आता तीन माणसं झोपतील एवढ्याच पलंगावर सातजण झोपलेत असं समजा. मधल्याला कूस बदलायची आहे."

"मग तो रात्रभर तसाच," मावशी म्हणाली.

"तेच. कडक लेपात कणाला कूस बदलायला जागाच नाही. आणि लेप मऊ करावा तर ओरखडे पडतात."

चार महिने गेले. रंग कमी करून पाहिला, दुसरा आणून पाहिला, भट्टीची आच वरखाली केली. एका रंगाने तर दोन आठवड्यांच्या उन्हातच मान टाकली. पिवळट पडला आणि नंतर काळा होईचना. दोनशे दहाचे एकशे ऐंशी झाले आणि गाडी तिथेच अडली. साहेब येता-जाता "मग?" एवढंच विचारायचे आणि तो "मग" दोघींच्या छातीत दगडासारखा बसायचा.

एका सकाळी मावशी टाकाऊ काचांची पेटी साफ करत होती. लेप देताना काच उभी टांगतात, त्यामुळे कधी कधी खालच्या कडेला लेपाचा थेंब ओघळून जमतो. अशा ओघळलेल्या काचा थेट पेटीत जायच्या, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मावशीने सवयीने एक काच खिडकीत धरली आणि सावलीत आणली. सगळी काच काळी होती आणि खालची कड मात्र निवळली होती.

आधी तिला वाटलं, नजर फसली. पुन्हा उन्हात धरली. पुन्हा आणली. कड आधी निवळली; बाकी काच आपली ढिम्म. तिने थेंबावर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. नखाची खूण उठली.

"प्रयोगबाई!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की बाईंच्या हातातलं भांडं हिंदकळलं. "हा थेंब जाड आहे, भट्टीत पुरता वाळला नाही. आत मऊ राहिलाय. आणि इथेच रंग पळतोय!"

प्रयोगबाईंनी काच तीनदा उन्हात नेली, तीनदा आणली. मग खुर्चीवर बसून हसायलाच लागल्या. "मऊ लेप हवा हे मला माहीत होतं. पण कडकपणा नि मऊपणा एकाच लेपाकडून का मागत होते मी?"

"गादी मऊच असते," मावशी म्हणाली. "वर चादर जाडीभरडी घालावी."

झालं. चिवट काच, तिच्यावर रंगाचा मऊ थर आणि त्याच्यावर बिनरंगाचा पातळ, कडक थर. सांगायला एवढं सोपं. करायला आणखी सात महिने लागले. वरच्या थराला वाळलेल्या गाळासारख्या भेगा पडत. भेगा थांबल्या तर थर सालपटासारखा सुटून येई. मऊ थर अर्धवट वाळवून त्यावर लगेच दुसरा चढवला, तेव्हा कुठे दोन्ही थरांनी एकमेकांना धरलं. ज्या दिवशी काच चाळीस सेकंदांत निवळली, त्या दिवशी दोघींनी कुणालाच काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. एकेचाळीस. मग साहेबांकडे गेल्या.

तरीही मावशीचं समाधान होईना. "चाळीस सेकंदांत गाडी कुठच्या कुठे जाते," ती म्हणाली. "काच थोडी कमी काळी करा. आणि खोक्यात चिठ्ठी घाला: आत आल्यावर थांबा, दिसायला लागल्यावर निघा."

"चिठ्ठी बघून लोक म्हणतील माल कच्चा आहे," साहेब कुरकुरले.

"म्हणू देत. पाय तर शाबूत राहतील."

साहेबांचा हात नकळत नडगीकडे गेला. चिठ्ठी छापली गेली आणि कार्डावर नवा रकाना आला: निवळण्याचा वेळ.

भावाचा पाय एव्हाना भरून आला होता. थोडा लंगडायचा, पण गाडीवर परत बसला होता. नव्या चष्म्याची चाचणी त्याच गोदामात ठरली. भावजय म्हणाली, "पुन्हा यांनाच कशाला? दुसरं कुणी नाही का जगात?" मावशीचंही तेच मत होतं. भाऊच हटून बसला. "जिथे आपटलो तिथलं मला जास्त कळतं," तो म्हणाला. भावजयीने मग त्या दिवशी कामाला सुट्टी टाकली आणि मावशीचा हात धरून गोदामाच्या दाराशी उभी राहिली.

दाराच्या आत गोदामवाल्यांनी पिवळा पट्टा आखून घेतला होता. भाऊ उन्हातून आला, पट्ट्यावर थांबला, भोंगा वाजवला. मावशीने घड्याळ धरलं होतं. पण ती घड्याळाकडे बघत नव्हती, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. काच काळी, करडी, मग धुक्यासारखी झाली आणि हळूहळू त्यामागचे त्याचे डोळे दिसायला लागले.

"ताई, तुझ्या पदराला कसला डाग पडलाय?" तो गाडीवरून ओरडला.

"लेपाचा आहे! पुढे बघ, माझ्याकडे काय बघतोस!"

भावजय तिचा हात धरून रडत हसत होती. "वन्सं, त्या दिवशी मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"बरं केलंस. मलाही कुणीतरी ओरडायला हवंच होतं."

आता मावशीचं टेबल प्रयोगशाळेत आहे. तिच्या हाताखाली तीन तपासनीस शिकतात आणि तिघींना पहिला महिना तिची एकच ताकीद असते: काच बघायच्या आधी ती घालून चालून या. गेल्या आठवड्यात एका शीतगृहातून तक्रार आलीय. थंडीत हीच काच जास्त काळी होते आणि निवळायला जास्त वेळ घेते. प्रयोगबाई म्हणतात, कण गारठतात, दुसरं काय. मावशीने लोकरीचे हातमोजे विकत आणलेत आणि उद्या सकाळी ती शीतगृहात जाऊन उभी राहणार आहे.