उन्हात ठेवलेला लाल खडा

रेशनची मिलो ज्वारी निवडत बसले होते, तेव्हा कॉलेजचा शिपाई दारात आला. "सरांना बरं वाटत न्हाई," एवढंच म्हणाला आणि माझ्या चपला उंबऱ्याशी सरळ करून ठेवल्या... मला तिथंच कळलं.

हे संगमनेरला भूगर्भशास्त्र शिकवायचे. पाटावरवंटा सोडला तर घरातला एकही दगड कामाचा नाही, असं मी चिडवायची. त्यात यांचा एकच लाडका, प्राउस्टाइट. चांदी, आर्सेनिक आणि गंधक यांचं दुर्मीळ खनिज, चिलीतल्या चांदीच्या खाणीतलं, यांच्या गुरुजींनी दिलेलं. "आपल्या काळ्या खडकात हा जन्मात सापडायचा नाही," म्हणायचे. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, पण उजेड लागला की काळवंडणारा. म्हणून काळ्या फडक्यात, पत्र्याच्या डबीत. फक्त खंडेनवमीला, पूजेत मांडलेल्या यांच्या हातोड्याशेजारी डबी उघडायची, तीही खिडक्या लावून, क्षणभर. माझं कधी मन भरलं नाही. एकदा तरी उन्हात बघू द्या म्हणून हटून बसले, तेव्हा म्हणाले, "रिटायर झालो की दोघं बघू. मग काळा पडला तरी चालेल." त्या सकाळची मी फार वाट पाहिली...

दुष्काळात गावोगाव विहिरी खोल चालल्या होत्या. खडकात चकाकतं काही मिळालं की माणसं ते घेऊन यांच्याकडे यायची. हिरा नाही, हे यांनी सांगायचं. मी चहा टाकायला आत जायची आणि बाहेर येईपर्यंत पाहुणे हसत असायचे. मला वाटे, यांची जीभच गोड.

यंदा सण नव्हता. खंडेनवमीला हातोडा नुसता पुसून ठेवला. त्याच दिवशी विहिरीवर खपणाऱ्या भागूबाई भेटायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "माजा दगड काय हिरा निगाला न्हाई. पन सरांनी त्यो लाल खडा दावला. म्हनले, इतक्या लांबून आला, रिकाम्या हातानं जाऊ नका... लई येळ बगितला आमी, दारात उन्हाला धरून. समद्यांनाच दावायचे की."

मी डबी उघडली. खडा शिशासारखा काळपट. रडू आलं आणि रागही आला. मला वर्षातून एकदा, आणि साऱ्या तालुक्याला दारात. आणि भांडायला माणूस नाही.

भागूबाईंनी खडा उचलून खिडकीशी धरला. "ह्ये बगा, कडंला हाय अजून." पातळ कडेला लाल रेघ होती.

आता डबी बंद करत नाही. खडा खिडकीतच असतो. सकाळी ऊन आलं की हातातलं सूप खाली ठेवून मी ती कड बघते. ठरल्याप्रमाणंच सगळं झालं. फक्त दोघांनी बघायचं होतं.