दुसऱ्या रक्तवाहिनीचे आठवडे

पप्पा आणि मम्मी मला भेटायला लातूरला आले आणि पप्पांना तिथेच हार्ट अटॅक आला. मी नोकरीसाठी तिथे खोली घेऊन राहत होते. पूर्ण बंद पडलेली रक्तवाहिनी त्याच दिवशी उघडून तिच्यात जाळी बसवली. नंतर डॉक्टरांनी मला आणि मम्मीला पडद्यावर दुसरी रक्तवाहिनी दाखवली. तीही एका जागी आवळल्यासारखी दिसत होती.

"हिला आज हात लावायला नको," ते म्हणाले. "काही आठवड्यांनी या. आत बारीक तार घालून अलीकडचा-पलीकडचा दाब मोजू, मग ठरवू. नुसतं चित्र बघून जाळी घालायची की दाब मोजून, लगेच की थांबून, यावर जगभर अभ्यास चालू आहेत. माझं मत थांबून मोजावं असं आहे. पण तुम्ही ठरवा."

उदगीरहून आलेल्या आत्याला हे पटेना. "एकीला जाळी अन् दुसरीला तारीख? आलोच हाव तर एकदाच उरकून टाका की." मम्मीलाही तसंच वाटत होतं.

डॉक्टरांनी माहितीचा इंग्रजी कागद दिला होता. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच, त्यामुळे लहानपणापासून असले कागद माझ्याकडेच येतात. कॉटजवळ बसून मी पप्पांना त्याचं मराठी सांगितलं: थोडं अरुंद आहे, नंतर तपासतील. थांबलेल्या काळात पुन्हा अटॅक येऊ शकतो, हे वाक्य मी गाळलं. आमच्याकडे पेशंटला सगळं सांगत नाहीत, आणि आत्याने बाहेर तसं बजावलंही होतं.

पप्पांनी कागद उलटून पाहिला. "पान एवढं गच्च भरलंय, अन् तुझं मराठी दोन वाक्यांत कसं संपलं, माय?"

मग मी सगळं वाचलं, ते वाक्यसुद्धा.  

पप्पांची सगळी नोकरी नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाच्या कालव्यांवर गेलेली. संध्याकाळी ते आत्याला म्हणाले, "लोक यायचे, शेताची चारी बुजली, खोदून द्या म्हणायचे. मी आधी पाणी पुरतं सोडायचो. मग त्या जागेच्या वर अन् खाली पट्टी लावून बघायचो. दोन्हीकडं पाणी सारखंच असलं तर उगं खोदून काठ कच्चा कशाला करायचा?"

"तुझं काळीज हाय का चारी?"

"डॉक्टर तेच करून राहिले. मोजू दे त्यांना."

मी रजा टाकून त्यांच्यासोबत नांदेडला घरी गेले. रोज संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या कडेने चालायचो. इतकी वर्षं आमच्यात जेवण, फी आणि गाडीची वेळ याहून जास्त बोलणं झालं नव्हतं. दम लागला की ते पाणी बघत उभे राहत. मी तेवढा वेळ मोबाइल बघत असल्यासारखं करायची. मी ऑफिसात नेमकं काय करते, हे त्यांनी पहिल्यांदा तिथे विचारलं. मी अर्धं इंग्रजीतच सांगितलं. एकदा त्यांनी छातीवर हात ठेवला आणि माझे पाय जागीच थांबले.

"ढेकर हाय," ते म्हणाले. "चल."

ठरलेल्या दिवशी पुन्हा लातूर. रक्ताचा प्रवाह वाढवणारं औषध देऊन मोजतात, त्याने थोडा वेळ छाती जड होते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी बाहेर बाकावर तोच कागद पुन्हा वाचत बसले. शेवटी डॉक्टर बाहेर आले. जागा अरुंद आहे, पण पलीकडे दाब नीट पोहोचतोय, जाळीची गरज नाही, गोळ्या चालू ठेवा, असं म्हणाले.

मम्मी रडली. आत्या फोनवर म्हणाली, "काहीच करायचं नव्हतं तर एवढं बोलावलं कशाला?"

त्यानंतरच्या सोमवारी मी कामावर रुजू झाले. पप्पा आता एकटे फिरायला जातात, बऱ्यापैकी भरभर. मी फोन केला की तब्येत ठीक आहे म्हणतात आणि मम्मीकडे फोन देतात. रिपोर्ट चांगला आला तेव्हा आनंदासोबत मला थोडं वाईटही वाटलं होतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.